तिसऱ्या पायरीचा आराखडा

मु. वळणवाडी (नदीकाठ), जि. सांगली
१० सप्टेंबर

श्रीमान नानासो यांस, मुक्काम औंध,

नदीकाठच्या वळणवाडीहून आपले दाजी उदयसिंह यांचा रामराम पोचावा. (स्वतःला आदरानं लिहिण्याची मला हौस नाही, पण गेले पंचवीस दिवस घरात मला 'अहो' म्हणणारं कोणी नाही, तेव्हा सवय मोडू नये म्हणून लिहितो.) आपले गुडघे कसे आहेत? यमाईच्या डोंगरावर अजून रोज चढता की आता खालूनच हात जोडता? बाजरी कापायला आली असेल. वहिनींची प्रकृती ठीक असावी. आपल्याकडे सध्या दोन पाहुण्या आहेत, त्यांचीही चौकशी करणं माझं कर्तव्य आहे. एक, आपल्या भगिनी आणि माझ्या मंडळी राहीबाई. दुसऱ्या, माझ्या मातोश्री भामाबाई, वय वर्षं ब्याऐंशी. सासूला कंटाळून सून माहेरी जाते हे मी ऐकलं होतं. सुनेबरोबर तिच्या माहेरी जाऊन राहिलेली सासू आमच्या घराण्यात पहिलीच. घरात आता मी आणि म्हैस उरलो आहोत. म्हैसही अलीकडे माझ्याकडे पाठ करून उभी राहते.

फोन न करता पत्र कशाला, असं आपल्या मनात येईल. फोनवर मी बोलायला लागलो की दुसऱ्याच मिनिटाला आपल्याकडची रेंज जाते, हे मी तीनदा अनुभवलं. चौथ्या वेळी तर रेंज जाण्याआधी 'रेंज गेली म्हणा की' असा आपल्या भगिनींचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. पत्रात मध्येच कोणाला बोलता येत नाही. तेव्हा यंदाच्या पुराची खरी हकिगत काय आणि त्यात चूक कोणाची (शासनाची), हे सविस्तर मांडतो. ते वाचून आपण राहीबाईंना दोन समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात आणि घरी धाडून द्यावं. त्यांच्या अटी आपल्याला ठाऊक आहेतच, तरी कागदावर असाव्यात. पहिली, माळावर पुनर्वसनाचा जो प्लॉट शासन आम्हाला केव्हापासून देऊ करतं आहे, त्याच्या अर्जावर मी सही करावी. दुसरी, ग्रामसभेत चारचौघांत उभं राहून 'पायरीच्या बाबतीत माझं चुकलं' असं म्हणावं. पहिलीचा मी एखादे वेळी विचार करीन. दुसरी अशक्य. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस (कारकून होतो हे खरं, पण फौजेतला कारकून), ज्याला सगळं गाव मेजर म्हणतं, तो असं काही म्हणत नसतो.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की आधी 'आई', मग 'बाबा' आणि तिसरा शब्द 'क्युसेक'. कोयनेतून किती सोडलं, सांगलीच्या पुलाला किती फूट लागलं, हे पानपट्टीवर बसलेला रिकामा माणूसही दशांशात सांगतो. अशा गावाला पूर शिकवायला शासन आलं ते मे महिन्यात. रंगीत तालीम होती. ठरलं असं, की चार माणसांनी पुरात अडकायचं आणि बोटीनं जाऊन त्यांना वाचवायचं. मे महिन्यात आमच्या घाटाखाली पाणी किती असतं ते आपण पाहिलं आहे. म्हैस बसली तरी तिची पाठ कोरडी राहते. बोट उतरवली, ती वाळूत बसली. तालुक्याचे साहेब बोटीत, दोन कर्मचारी बोटीत, मोटार सुरू, बोट जागची हलेना. शेवटी अडकलेले चौघं पाण्यातून चालत आले, त्यांनी बोटीला खांदा दिला आणि साहेबांना सुखरूप काठावर आणून ठेवलं. बातमी आली 'चौघांची थरारक सुटका'. त्या चौघांत मागच्या आळीतला आमचा ट्रॅक्टरवाला केरबा होता. त्याचा खांदा अजून दुखतो आणि तो मला विचारतो, "मेजर, आमी सुटलो ते नेमकं कशातनं वं?"

मग ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भोंगा बसवला. चाचणीला वाजवला तर दोन म्हशी दावं तोडून पळाल्या, इतका दमदार. भोंगा विजेवर चालतो. पुराचं पाणी गावात शिरायच्या आत वीज तोडायची, असाही शासनाचाच नियम आहे आणि तो योग्यच आहे. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर. एका जागी आल्या की मुक्या. मोबाइलवर इशारे येतात, तेही वेळेवर. 'विजांचा कडकडाट संभवतो, झाडाखाली थांबू नये.' आमच्या गावात रेंज फक्त घाटावरच्या वडाखाली येते, त्यामुळे हा संदेश वाचायला आख्खं गाव वडाखाली जमतं.

सगळ्यांत मोठा ऐवज म्हणजे गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. पानं चौसष्ट. माजी सैनिक म्हणून मला समितीचा अध्यक्ष केलं आणि आराखडा तपासायला दिला. पान नऊवर लिहिलं होतं, 'भरतीच्या वेळी मच्छीमार बांधवांनी नौका किनाऱ्याला घ्याव्यात.' पान वीसवर त्सुनामी. कुठल्या तरी किनारपट्टीच्या गावाचा आराखडा उचलून नाव तेवढं बदललं होतं (एका पानावर तेही राहिलं होतं). मी दोन दिवस बसून समुद्र काढून टाकला. त्सुनामी गेली, नौका गेल्या, वळणवाडीला लाभलेला आठ किलोमीटरचा किनाराही जड मनानं खोडला. शेवटचं पान कोरं होतं. वर छापलं होतं, 'स्थानिक पारंपरिक ज्ञान'. ते मी भरलं.

हे ज्ञान आपल्याला ठाऊक नसेल, कारण आपल्याकडे पाणी टँकरनं येतं. आमच्या गावाची रीत अशी, की नुसता पूर आला म्हणून कोणी घर सोडत नाही. लवकर निघालेल्या घराला पुढं वर्षभर टोमणे खावे लागतात; एका घरानं एकदा पहिल्याच पायरीला गाठोडी बांधली, तर त्या घरात मुलगी द्यायला लोक कचरू लागले. निघायचं ते मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागल्यावर. तिसरी पायरी भिजली की मागच्या आळीच्या उंबऱ्याला पाणी लागायला तासभर असतो, हे पाच पिढ्यांनी पाहिलेलं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली माझी सही, वर तालुक्याचा शिक्का. चौसष्ट पानांतलं आमच्या गावाचं म्हणावं असं एवढं एकच पान, आणि ते माझं.

इथं एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. (राहीबाई तिला किरकोळ म्हणत नाहीत, म्हणून सांगतो.) गेल्या चैत्रात त्याच देवळाचा जीर्णोद्धार झाला. त्या समितीचाही अध्यक्ष मीच. दर पुरात पटांगणात चिखल बसतो म्हणून आम्ही अडीच फूट मुरुमाची भर टाकली, वर पेव्हर ब्लॉक बसवले, जुन्या पायऱ्या त्या भरीखाली गेल्या आणि वर ग्रॅनाइटच्या पाच नव्या पायऱ्या चढवल्या. काम देखणं झालं. परिणाम इतकाच, की पाच पिढ्यांनी पाहिलेली तिसरी पायरी जमिनीखाली गेली आणि आराखड्यातली तिसरी पायरी तिच्याहून अडीच फूट वर आली. दोन्ही समित्यांचा अध्यक्ष एकच, पण दोन्ही समित्यांची गाठ कधी पडली नाही. शासनाला यासाठी निदान दोन खाती लागतात. मी ते एकट्यानं केलं. मुरुमाचा डंपर रिकामा होत होता तेव्हा राहीबाई कळशी घेऊन तिथं थांबल्या होत्या. म्हणाल्या, "आवं, पायऱ्याच पुरल्या, मग पाणी मोजणार कशानं?" मी म्हणालो, हा बांधकामाचा विषय आहे.

तेरा ऑगस्टला सकाळी अकराला प्रांजल मॅडम आल्या. या आमच्या तलाठी (पदाचं नाव आता बदललं आहे, गावाची जीभ अजून बदललेली नाही), वय सव्वीस, स्कूटीवर, मागं लाउडस्पीकर लावलेली रिक्षा. मागची आळी रिकामी करा, माळावरच्या शाळेत जेवणाची, झोपायची सोय आहे. मी आराखडा काढला, पान चौसष्ट उघडलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. मॅडमनी वाचलं. वर फोन लावला. वरून विचारणा झाली, आराखड्यात काय आहे? तिसरी पायरी आहे. मग आराखड्याप्रमाणे करा. "काका, पाणी काही आराखडा वाचत नाही हो," एवढं म्हणून त्या पुढच्या गावाला गेल्या. शासन कागदाला किती बांधलेलं असतं याचं याहून मोठं उदाहरण कोणतं? त्यांनी तेव्हाच मला बाजूला सारून आळी रिकामी करायला हवी होती. ही शासनाची पहिली चूक.

मी देवळापुढं खुर्ची टाकून बसलो. गळ्यात शिट्टी, हातात छत्री, मांडीवर वही. आळीतली चाळीस घरं माझ्या शिट्टीकडे कान लावून. एक वाजेपर्यंत पटांगणातला एक ब्लॉक भिजला नाही. तेवढ्यात केरबा गुडघाभर पाण्यातून पटांगणावर चढून आला.

"मेजर, पायरी काय म्हणती?"

"पहिलीसुद्धा कोरडी आहे. निवांत राहा."

"पायरी कोरडी हाय, पण माझ्या चुलीत पाणी हाय. ह्ये कसं वं?"

"तुझी चूल खोलात आहे."

"आवं, गेल्या पुराला तर न्हवती खोलात!"

यावर मी वहीत नोंद केली: केरबा, चूल, खोल.

पाठोपाठ राहीबाई आल्या. पदर खोचलेला, डोक्यावर पिठाचा डबा, कंबरेपर्यंत ओल्या. त्यांनी पटांगण पाहिलं, खुर्ची पाहिली, मग मला पाहिलं. "तुमी पायरी बघत बसा, मी माणसं बघती," म्हणाल्या, आणि केरबाकडे वळून, "भावजी, ट्रॅक्टर काढा." मातोश्रींना बाजेसकट ट्रॉलीत ठेवलं, मागं म्हैस बांधली आणि जाता जाता दारोदारी हाक मारली, "चला गं, उटा! देवाची पायरी पळून जात न्हाई." केरबानं चार खेपा केल्या. बाया, पोरं, म्हातारीकोतारी सगळी माळावर पोचली. मी त्या सगळ्यांची नावं 'आराखड्याचा भंग करून गेलेले' या रकान्यात लिहीत होतो. वही संपली.

मागं उरलो मी आणि नऊ पुरुष, ज्यांना पाण्यापेक्षा टोमण्यांची धास्ती मोठी होती. चार वाजेपर्यंत पटांगणाचं आधी बेट झालं, मग तेही बुडून आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो. मग बोट आली. ती प्रांजल मॅडमनी वरच्यांना न विचारता धाडली होती, हे मला नंतर कळलं. बोट चालवणारा शिवतेज नावाचा शिस्तीचा पोरगा. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून यादी काढली. "काका, तुमचं नाव 'निघण्यास नकार'मधी हाय. नकार मागं घेतला म्हणून हितं सही करा, मग पाय टाका." मी म्हणालो, मी नकार दिलेला नाही, मी पायरीची वाट बघतो आहे. "कुठल्या पायरीची?" मी मागं वळून बोट दाखवलं, आणि त्याच क्षणी तिच्यावर पाणी चढलं. नऊच्या नऊ जण ओरडले, "भिजली!" मग मी शिट्टी वाजवली. आराखड्याप्रमाणे तीनदा, लांब. ती ऐकायला आळीत त्या वेळी एक मांजर होतं आणि तेही पत्र्यावर बसलेलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर राहीबाई घर बघायला आल्या. फळीवरच्या भांड्यांत गाळ बसला होता. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. मी भिंतीवरची ओल दाखवून शासनावर बोलत होतो. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "औंदा मी होती. पुढल्या साली ह्या पायरीनं कुणाचं पोर नेलं, तर तुमी कुणाला दाखवणार ह्यो शिक्का?" मग त्या दोन अटी. मग औंधची गाडी. मातोश्री म्हणाल्या, मलाबी घिऊन चल.

आता शासनाची दुसरी चूक सांगतो, आणि ही फार मोठी आहे. आमच्या गावात जीवितहानी शून्य, म्हणून तालुक्यानं वळणवाडीला 'आदर्श पूरसज्ज गाव' ठरवलं आहे. सगळं श्रेय पान चौसष्टला. नदीकाठच्या आणखी अकरा गावांना परिपत्रक गेलं आहे की 'तिसरी पायरी पद्धत' तत्काळ अंगीकारावी. एका गावात मारुती नाही, ते विचारतात खंडोबा चालेल का. एका गावाचं देऊळ सपाटीवर आहे, त्यांनी तीन पायऱ्या बांधायला गवंडी लावला. सतरा तारखेला तालुक्याच्या सभागृहात माझा सत्कार आहे आणि मी मार्गदर्शनपर भाषण करणार आहे. भाषण तयार आहे, चौदा मिनिटांचं, त्यात 'पूर्वजांचं शहाणपण' चार वेळा आलं आहे. अशा वेळी माझं चुकलं म्हणायचं तर शाल जाते, पद्धत जाते, मेजरकी जाते. आपण शहाणे आहात, आपणच राहीबाईंना सांगा की पुरुषमाणसाचं काही म्हणणं कागद होऊन गेलेलं असतं, ते आता खोडता येत नाही. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि म्हशीला मी नीट पाणी दाखवतो हेही त्यांना कळवावं.

वहिनींना नमस्कार, मातोश्रींना साष्टांग दंडवत, आणि तिसऱ्या व्यक्तीला जे योग्य वाटेल ते.

आपला ठाम,
उदयसिंह

ता. क. १९ सप्टेंबर. वरचं पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, तिकीट आणायचं राहिलं, म्हणून नऊ दिवस कपाटावर पडून होतं. मध्ये सतरा तारीख येऊन गेली. सभागृह भरलेलं. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, प्रमाणपत्र मिळालं. भाषण खिशातून काढणार तोच त्या अकरा गावांतल्या एकाचे उपसरपंच तानाजीराव उठले. मांडीवर वही, हातात पेन, आणि अगदी मनापासून विचारलं, "मेजर, तिसरी पायरी खालनं धरायची का वरनं? आमच्या आळीत साठ घरं हायती, बारकी पोरं लय. एकदा नीट सांगा, म्हंजे आमी तिच्यावरच राहतो." नानासो, तो माणूस लिहून घ्यायला बसला होता. मी जे बोलेन ते तो लिहिणार होता आणि पुढल्या पुरात त्यावर बसून राहणार होता. भाषण खिशातच राहिलं. मी सांगितलं, की ती पायरी मीच पुरली आणि मीच लिहिली. चाळीस घरं मी पाण्यात थांबवून ठेवली. माणसं वाचली ती माझ्या बायकोमुळे, आणि ज्या तलाठी बाईंना मी शिक्का दाखवून परत लावलं त्यांच्या बोटीमुळे. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं." मागून केरबा ओरडला, "मेजर, ह्ये तवाच बोलला असता तर माझा गहू तरी ऱ्हायला असता की!" पान चौसष्ट मी तिथंच प्रांजल मॅडमच्या हाती दिलं. त्यांनी पोचपावती दिली. प्रमाणपत्र दुरुस्तीसाठी परत गेलं आहे, शाल अजून मागितलेली नाही. अट ग्रामसभेची होती आणि मी तालुक्यापुढं बोललो; जास्तीचं झालं ते पुढच्या एखाद्या चुकीत वळतं करून घ्यावं.

दुसरा ता. क. प्लॉटच्या अर्जावर सही केली. वाटलं होतं, वर्षभर खेटे घालावे लागतील आणि तेवढ्यावर मला आणखी एक पत्र लिहिता येईल. तर ताबा द्यायचा कागद तयारच होता. सहा वर्षं माझ्या सहीची वाट बघत फायलीत पडून होता. म्हणजे ह्या एका बाबतीत उशीर माझ्याकडून झाला. वर शासनाबद्दल जे लिहिलं आहे त्यातून एवढं वजा करून वाचावं.

तिसरा ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. (बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.) येत्या रविवारी माळावरच्या घराचं जोतं आखायचं आहे. मातोश्रींना यायचं नसेल तर आग्रह करू नका, एका वेळी एकीपुढं उभं राहायची माझी तयारी आहे. पण राहीबाईंना सकाळच्या गाडीत बसवून द्या, मी स्टँडवर असेन. गवंडी विचारतो, जोतं जमिनीपासून किती फूट उचलायचं, आणि उंचीबद्दल बोलायचं मी सोडलं आहे. तेव्हा त्यांनी यावं, मोकळ्या जागेत उभं राहावं आणि हात करून दाखवावं, इथपर्यंत. तोवर मी गवंड्याला दोरी सोडू दिलेली नाही.